तळव्याखालचं पाणी

शेजारच्या वाडीत विहीर खणायला घेतली आहे. चैत्र सरत आला की अमरावतीत उन्हं चढायच्या आत कुदळी सुरू होतात आणि दुपार झाली की सगळं गप्प होतं. लेक म्हणते, "आई, तुही झोपमोड होत असन तं मागच्या खोलीत नीज." झोपमोड होत नाही. या वयात मी पहाटेपासून जागीच असते. पण कुदळ मऊ मातीत शिरली की मुरमाला लागली, हे मला अजून अंथरुणावरून कळतं, आणि आवाज मध्येच थांबला की मी उशीवरून डोकं उचलते. पुन्हा घाव पडेपर्यंत मी श्वास धरून बसते.

अशाच एका चैत्र-वैशाखाबद्दल लिहायचं आहे. पस्तीस वर्षं होत आली. इतके दिवस लिहिता आलं नाही, कारण एक बाई जिवंत होती. ती गेल्या माघात गेली.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी घेऊन आलेली. अशा माणसाला जमिनीच्या पोटातलं दिसतं, पाणी कुठं आहे ते कळतं, असं आपल्याकडं मानतात. वीज पायाळूला हुडकत येते असंही म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला घरात ओढायची आणि कोपऱ्यात पोत्यांमागं बसवायची. माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं, माळ्याचं घर. सात वर्षांची असताना बाबांनी मला नव्या मळ्यातून अनवाणी चालवलं. मी एका जागी थांबले. का थांबले ते नीट आठवत नाही. बहुतेक तळवे पोळले होते आणि तिथं बाभळीची सावली होती. बाबांनी तिथं खणलं, गोड पाणी लागलं, आणि गावभर माझं नाव झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी त्या भागात कुठंही खणलं तरी गोडच पाणी लागतं, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही मनात आलं ते फार उशिरा.

मात्र मी सोंग करत नव्हते. हे लिहून ठेवायला हवं. नांगरलेल्या वावरातून चालताना एखाद्या जागी तळव्याला खरंच गार लागायचं, पोटरीतून काहीतरी सरसरत वर यायचं आणि पुढचं पाऊल उचलायचं नाही. लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं की हेच ते. मग मीही तेच मानलं. घरात पाच बहिणी. दुसऱ्या चौघी गोऱ्या होत्या, एकीचा गळा गोड होता. माझ्याजवळ ते काही नव्हतं. माझ्याजवळ हे होतं.

सोळाव्या वर्षी तेल्हाऱ्याजवळच्या गावात दिली. सासर माळ्याचंच, नदीकाठी वांगी-मिरचीचा मळा. पण ती भूमी निराळी. खारं पाणी. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, त्यात डाळ शिजत नव्हती, मिरचीच्या रोपांच्या कडा पांढऱ्या पडायच्या. उन्हाळ्यात आम्ही बाया नदीच्या वाळूत हातभर खड्डा उकरून झिरा काढायचो आणि वाटीवाटीनं घागर भरायचो. वाळूत ओणवं बसून कंबर भरून यायची. आज नळ उघडला की ती वाटी आठवते.

आणि ते दिवस तेजीचे होते. समुद्रापल्याड कुठंतरी मोठी लढाई चालली होती म्हणून आमच्या कापसाला भाव आला होता, असं म्हणत. ती कुणाची लढाई हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आगगाडी अजून अकोल्याला आलेली नव्हती. कापसाच्या गाड्यांची रांग वेशीपासून सुरू व्हायची ती दिवसभर संपत नसे. बाभळींना, बोरींना, अंगणातल्या तुळशीलाही कापूस चिकटलेला असे. ज्यांनी कधी धड जोडे घातले नव्हते ते जरीचे फेटे बांधू लागले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि हे सगळं झाल्यावर प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती, जी बाजारात मिळत नव्हती. आपल्या वावरात गोड पाण्याची विहीर.

म्हणून छकडे आमच्या दारी येऊ लागले. मला न्यायला. सासरे सोबत यायचे. मी वावरातून अनवाणी चालायची, मागं घरधनी, त्याच्या मागं गाव. मी थांबले की तिथं नारळ फुटायचा. पाणी गोड निघालं तर माझ्या नावाचा डंका. खारं निघालं तर "मुहूर्त चुकला" किंवा "खणताना कोनी तरी इटाळ केला". चुकीचा दोष माझ्याकडं कधी आलाच नाही. सासूबाई मला झिऱ्यावर पाठवीनाशा झाल्या. "तुह्ये पाय जप, सूनबाई," म्हणायच्या, आणि माझ्या तळव्यांना तेल लावायच्या. सासूनं सुनेच्या पायांना तेल लावावं, असं दुसऱ्या कुठल्या घरात होतं?

पुंजाजी पाटलांच्या विहिरीची जागा मी पौषात दाखवली होती. फाल्गुनात कुदळ पडली. खणणारा राघो. आडदांड, हसरा माणूस, अंगावर कायम पिवळ्या मातीचा थर. त्याची बायको सारजा वर रहाटाशी उभी राहून मातीच्या टोपल्या ओढायची. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. मी दिसले की सरळ विचारायची, "काय वं पायाळू बाई, किती खोल हाये अजून? माह्ये हात गळून आले." आणि हसायची.

काळी माती संपली, पिवळी लागली, तीही खोल खोल जात राहिली. तीस हात, पस्तीस हात. पाण्याचा थेंब नाही. चैत्र संपताना एक दिवस राघो वर आला तो पुन्हा उतरेना. पाटलांनी छकडा धाडून मला बोलावलं.

सकाळची वेळ होती. विहिरीच्या काठावर तीस-चाळीस माणसं जमली होती. राघो म्हणाला, "पाटील, मातीले भेग हाये. वरून दिसत नाई, खालून दिसते. मले ही माती बरोबर वाटत नाई. सोडून द्या."

"इतकं खणलं ते सोडून देऊ?" पाटील म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची आई खाटेला खिळली होती आणि तिला मरायच्या आधी आपल्या विहिरीचं पाणी प्यायचं होतं. "सूनबाई, तू सांग. तू म्हनशील तं सोडू."

मी काठावर उभी राहिले. तळव्याखाली तापलेली माती. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवर. आणि मग ते आलं. गार लागलं, पोटरीतून सरसरत वर आलं. मी म्हटलं, "पानी हाये. लय जवळ हाये. दोन हात."

लोकांनी श्वास सोडला तो अजून कानांत आहे. राघोनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आपण काहीतरी चुकीचं पाहिलं असेल अशा नजरेनं. "पायाळू म्हनते तं असन," एवढं बोलून त्यानं दोर धरला. सारजानं रहाट सोडला.

घटकाभरानं मातीचा आवाज झाला. कोसळण्याचा म्हणतात तसा मोठा नव्हे. कुणी धान्याचं पोतं उपडं करावं, तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला वर काढलं. त्या विहिरीला पाणी लागलं नाही. लोकांनी पुढच्या साली आणखी पाच हात खणलं, मग सोडून दिली.

त्यानंतर गावात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. हेच सोसवेना. घरी सगळे म्हणत, विहिरीनं बळी मागितला, तुझा काय दोष. दहाव्या दिवशी पुढच्या गावाहून छकडा आला आणि सासरे फेटा बांधू लागले. मी आतल्या खोलीत जाऊन बसले, बाहेर गेलेच नाही. संध्याकाळी आमच्या यांना मी म्हटलं, "मले पाह्यचं हाये."

हे म्हणजे माझे पती. शांत माणूस. तेल्हाऱ्याच्या मास्तरांकडं जाऊन अक्षरं शिकले होते आणि मळ्यातल्या ओल्या वाफ्यावर काडीनं गिरवून मलाही शिकवत होते.

"काय पाह्यतं?" त्यांनी विचारलं.

"मले खरंच कळते का, थे."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "आन नाई कळलं तं?"

"तं मले थे माईत पायजे."

"देवाच्या गोष्टी अशा पाहू नये, कौसा."

"देवाची असन तं पाहू देईल."

कुंभाराकडून एकाच मापाची दहा गाडगी आणली. अर्धा दिवस गाडी हाकून यांनी डोंगराकडचं गोड पाणी आणलं, खारं आमच्या विहिरीचं होतंच. कोणत्या गाडग्यात कोणतं पाणी, हे यांनी आपल्या मनानं ठरवायचं नाही असं मीच म्हटलं. मनाचा अंदाज दुसऱ्या मनाला येतो. म्हणून दर गाडग्याला कवडी टाकायची, उताणी पडली तर गोड, पालथी पडली तर खारं. तोंडावर परळ ठेवून दहाही गाडगी मळ्यात ओळीनं पुरायची आणि वरून माती सारखी करायची. हे करत असताना मी नदीवर. मग येऊन मी एकेका जागी उभी राहणार, गोड वाटलं तिथं दगड ठेवणार.

पहिल्या सकाळी माझी आठ बरोबर आली.

यांचा चेहरा उजळला. माझ्याही जिवात जीव आला, आणि लगेच राघो आठवला. कळतं म्हणजे राघोच्या पायांखाली खरंच पाणी होतं. मग तो गेला तरी मी खोटी नव्हते. हे मनात आलं याची मला लाज वाटली. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

पण जेवताना काहीतरी टोचत राहिलं. मी चालत होते तेव्हा हे चार हात अंतरावर बसून विळ्यानं तण काढत होते. शेवटच्या दोन गाडग्यांशी मी मातीकडं पाहतच नव्हते. मी विळ्याचा आवाज ऐकत होते. गोड पाण्याजवळ मी पोहोचले की तो थबकायचा. यांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. माझ्या तळव्याला मात्र तेवढ्यात गार लागायचं.

दुसऱ्या सकाळी मी म्हटलं, "पुरून झालं की तुमी नदीवर जा. मी बोलवीन तवाच या."

यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. पुरून झाल्यावर विळा घेऊन गेले.

मळ्यात मी एकटी. वाऱ्यानं वांग्याची पानं हलत होती. मी पहिल्या गाडग्यावर उभी राहिले. गार. दुसऱ्यावर. गार. तिसऱ्यावरही तसंच गार, कारण ओल्या गाडग्यावरची माती कुठंही गारच लागणार. गोड आणि खारं यांत तळव्याला काहीच फरक पडेना. मी पुन्हा मागं आले, पुन्हा चालले. डोळे मिटले. बाबांचं नाव घेतलं. कुलदैवताचं घेतलं. मग कुठंतरी दगड ठेवायचे म्हणून ठेवले. त्या दिवशी पाच बरोबर आले. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी सहा आले तेव्हा हे म्हणाले, "पाह्य, वाढून राह्यले." आणि त्यांचाच आवाज फुटला. ती कवडी मातीत पडली होती. मी न चालता नुसती तीच फेकून दगड ठेवले असते, तरी एवढेच आले असते.

यांनी गाडगी एकेक करून उचलली आणि गोड पाणी मिरचीच्या वाफ्यात ओतलं. म्हणाले, "मी कोनाले सांगनार नाई."

त्या दुपारी मी गोठ्याच्या सावलीत बसून एकेक विहीर आठवली. प्रत्येक वावरात माझ्यामागून घरधनी चालत असे, आणि जागा त्याच्या मनात आधीच ठरलेली असे. तिथं आलो की त्याची पावलं जड व्हायची, श्वास बदलायचा. तेच माझ्या पोटरीतून वर यायचं. आणि राघोच्या विहिरीवर तीस-चाळीस माणसांना पाणी हवं होतं. नको म्हणणारा एकच होता. त्या एकाचं मला ऐकू आलं नाही.

दुःखं दोन होती, आणि त्यांतलं एक सांगायची आजही लाज वाटते. राघोचं तर होतंच. पण मी माझ्यासाठीही रडले. अठरा वर्षं जे अंगाखांद्यावर वागवलं ते नव्हतंच. मी उलटी जन्मले होते, बस इतकंच. आईला माझ्यामुळं जास्त त्रास झाला होता, त्यापलीकडं त्याला काही अर्थ नव्हता.

सारजाला सांगायचं ठरवलं. तिनं शिव्या द्याव्यात, थुंकावं, पण खरं काय ते तिला कळावं. वैशाखातली सकाळ होती. गावाबाहेर त्यांची झोपडी. दारापुढं राघोची कुदळ मातीसकट तशीच टेकवून ठेवलेली. ती उंबऱ्यात बसली होती. हातात काही काम नव्हतं. मला पाहून उठली नाही.

मी समोर मातीत बसले. वाटभर घोकलेलं वाक्य होतं, "सारजा, मले काईच दिसत नाई." तोंड उघडलं तेवढ्यात तीच बोलली.

"बरं झालं आली. मीच येनार होती तुह्याकडं." आवाज कोरडा होता. "तुले जमिनीखालचं दिसते. मले एक सांग. थो लगेच गेला का? का खाली होता जिता, आवाज देत?"

तिनं कुदळीकडं पाहिलं.

"मी काठावरच होती ना. मले काई आईकू नाई आलं. लोक म्हनतात लगेच गेला. लोकायले काय माईत. तुले दिसते, तू सांग."

आता जे लिहिते आहे ते यांनाही कधी सांगितलं नाही. राघोला वर काढलं तेव्हा बायांना दूर ठेवलं होतं, सारजाला तर दोघींनी धरून ठेवलं होतं. मला मात्र कुणी अडवलं नाही, मी पायाळू. घोंगडी टाकायच्या आधी मी त्याला पाहिलं. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. बोटांची नखं उलटली होती आणि त्यांत पिवळी माती ठासून भरली होती. तो वर येत होता. किती वेळ, कुणास ठाऊक. पण बराच वेळ.

सारजा माझ्या डोळ्यांत पाहत होती. मी डोळे मिटले आणि झोपडीपुढच्या त्या मातीवर तळवा टेकला. खोटेपणानं केलेली माझी ती पहिलीच गोष्ट.

"लगेच गेला," मी म्हटलं. "माती आली तवा त्याले समजलंबी नाई. झोपल्यावानी गेला."

तिनं मान हलवली. मग दोन्ही हातांत तोंड घेतलं आणि राघो गेल्यापासून पहिल्यांदा रडली, असं शेजारणीनं मागाहून सांगितलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. खरं सांगायची वेळ तिथं संपली. पुढं कुणालाही सांगितलं असतं तर ते तिच्यापर्यंत गेलं असतं, आणि तिच्या हाती मी जे दिलं होतं ते परत घेतल्यासारखं झालं असतं.

मी घरी म्हटलं, राघोबरोबर माझी पाणी सांगायची विद्या गेली. लोकांनी ते सहज मानलं. छकडे यायचे थांबले. सासूबाई पुन्हा मला झिऱ्यावर पाठवू लागल्या, आणि वाळूत ओणवं बसून वाटीवाटीनं घागर भरताना मला बरं वाटायचं. दोनेक वर्षांत ती लढाई संपली, कापसाचा भाव बसला, शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या. पुंजाजींच्या आईला विहिरीचं पाणी काही मिळालं नाही. विहीर पावसाच्या गाळानं भरत गेली आणि तिथं बोरी उगवल्या.

सारजा कुणाच्याही वावरात निंदायला, वेचायला जायची. गावात कुणी अकाली गेलं की त्या घरी जाऊन बसायची आणि सांगायची, "माह्या मानसाले काई तरास नाई झाला. पायाळू बाईनं पाह्यलं." मी तिथं असले तर माझ्याकडं हात करायची. मग लोक माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. किती वेळा हलवली असेल.

हे गेल्यावर मी लेकीकडं अमरावतीला आले. गेल्या माघात निरोप आला की सारजा अंथरुणावर आहे, बोलावते आहे. आगगाडीनं अकोल्यापर्यंत आणि पुढं छकड्यानं गेले. तिच्या पुतणीच्या घरात एका कोपऱ्यात ती पडली होती, हाडांची मोळी होऊन. पोटात गाठ होती. दुखण्यानं ओठ चावून चावून काळे पडले होते. तिनं माझा हात धरला.

"मीबी जाईन ना राघोसारखी? झोपल्यावानी? पाह्य बरं."

मी म्हटलं, "हो. तशीच जाशील."

ती तशी गेली नाही. शेवटपर्यंत मी तिथंच होते. तिचं कण्हणं बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. दर वेळी कळ ओसरली की ती माझ्याकडं पाहायची. तक्रार नव्हती त्या पाहण्यात, वाट होती. आठव्या दिवशी सकाळी म्हणाली, "कौसे, अजून किती वं? तुले दिसत असन."

माझ्यानं राहवलं नाही. "मले दिसत नाई, सारजा," मी म्हटलं. "मले कधीच काई दिसलं नाई. मी कोनालेच काई पाहून सांगितलं नाई. राघोलेबी नाई."

तिनं ऐकलं. ऐकलं हे नक्की, कारण तिची नजर माझ्यावर बराच वेळ स्थिर होती. मग तिनं वाळलेला हात उचलला आणि माझ्या गालावरून फिरवला.

"म्हातारी झाली तू," ती म्हणाली. "डोये गेले तुह्ये. असू दे."

त्यानंतर ती मला काही विचारेनाशी झाली. अकराव्या दिवशी गेली. तोंडात पाणी मीच घातलं.